उतरलेले भाडे आणि बांधलेला प्रवासी

फ्लोरिडा राज्यातील मायामी बंदरातून कॅरिबियन समुद्राच्या सफरीवर निघालेल्या एखाद्या मोठ्या प्रवासी जहाजावर रात्रीच्या जेवणाला दोन कुटुंबे शेजारी बसली आणि बोलता बोलता भाड्याचा विषय निघाला, तर त्या जेवणाची चव बिघडण्याचा संभव फार मोठा असतो. दोघांच्या केबिनी एकाच मजल्यावर, एकाच मापाच्या आणि एकाच सोयींच्या. दोघांना मिळणारे अन्न तेच आणि दिसणारा समुद्रही तोच. मात्र एका कुटुंबाने वर्षभर आधी इसार भरून जागा राखलेली असते आणि दुसऱ्याने जहाज सुटण्यापूर्वी पाच आठवडे. आधी तरतूद करणाऱ्याला कमी पैसे पडावेत, हा प्रपंचातील सर्वमान्य न्याय. जहाजांच्या बाजारात तो पुष्कळदा उलटा होतो, आणि दूरदृष्टी दाखविणाऱ्यापेक्षा आयत्या वेळी उठून आलेला प्रवासी कितीतरी कमी भाड्यात तीच सफर करून येतो.

अशा वेळी पहिल्या प्रवाशाच्या मनात येणारा प्रश्न साधा आहे : भाडे उतरले, तर फरक परत का मिळू नये? कंपनीचे उत्तरही तितकेच साधे असते : आपण मान्य केलेल्या किमतीला आपण माल घेतला, आता तक्रार कसली? ही दोन्ही विधाने आपापल्या परीने योग्य वाटतात, आणि म्हणूनच हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. हौसेने समुद्रावर जाणाऱ्या सुखवस्तू लोकांचे हे भांडण आहे, असे म्हणून तो झटकून टाकणे सोयीचे असले तरी शहाणपणाचे नाही. विमानाचे तिकीट, हॉटेलातील खोली, रेल्वेचा वातानुकूलित डबा यांचे भाव तासातासाला हलू लागल्यापासून किंमत म्हणजे काय आणि करार म्हणजे काय, हा प्रश्न सामान्य ग्राहकाच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. मुंबईच्या इंदिरा गोदीत नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झाल्यानंतर तर त्याकडे दूरचा प्रश्न म्हणून पाहता येणार नाही.

नाशवंत मालाचा बाजार

भाडी उतरतात का, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. सायंकाळी मंडई उठण्याच्या वेळी मेथीची जुडी निम्म्या किमतीत मिळते, याचे कुणाला नवल वाटत नाही. कारण ती सकाळपर्यंत टिकणार नाही, हे विकणारा आणि घेणारा दोघेही जाणतात. जहाजातील केबिन ही त्या मेथीपेक्षाही नाशवंत वस्तू होय. जहाजाने दोर सोडले, की रिकाम्या केबिनीचे त्या सफरीचे उत्पन्न कायमचे बुडाले. इंधन, खलाशी, बंदराची देणी, जहाजाच्या कर्जावरील व्याज हे सर्व खर्च केबिन भरली काय आणि रिकामी राहिली काय, जवळजवळ तेच राहतात. आणखी एका प्रवाशाला नेण्याचा वाढीव खर्च अन्नपाणी आणि स्वच्छता यांपलीकडे फारसा नसतो. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर दर केबिनीत दोघे या हिशेबानेच ५,६१० प्रवाशांची सोय आहे. एवढे गाव दर आठवड्याला नव्याने भरायचे, तर भाव स्थिर ठेवून कसे चालेल?

त्यात आणखी एक गोष्ट आहे. या कंपन्यांचे उत्पन्न केवळ भाड्याचे नसते. मद्य, जुगारघर, किनाऱ्यावरील सहली, छायाचित्रे, खास उपाहारगृहे यांतून येणारा पैसा मोठ्या कंपन्यांच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे एक तृतीयांश असतो. रिकाम्या केबिनीमुळे भाडेही जाते आणि हे वरचे उत्पन्नही जाते. म्हणून शेवटच्या आठवड्यांत भाडे उतरवून का होईना, पण माणूस जहाजावर आणणे हे कंपनीच्या हिताचे ठरते.

ही विद्या जहाज कंपन्यांनी विमान कंपन्यांकडून उचलली. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान वाहतुकीवरील सरकारी दरनियंत्रण उठले. त्यानंतर अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ च्या सुमारास आगाऊ आरक्षण आणि परतावा न मिळण्याची अट घालून स्वस्त तिकिटांची योजना काढली आणि संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक आसनाचा भाव मागणीनुसार ठरविण्याची पद्धत रूढ केली. तथापि यामागील विचार त्याहूनही जुना आहे. ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्येच दाखवून दिले होते, की रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसते, ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. म्हणजे भाडे खर्चावरून ठरत नाही. कोण किती देण्यास तयार आहे, यावरून ते ठरते. एकाच वस्तूच्या अनेक किमती असणे हा या बाजाराचा अपवाद नसून नियम आहे.

या दृष्टीने पाहिले, तर आधी पैसे भरणाऱ्याची फसवणूकच झाली, असे सरसकट म्हणता येत नाही. त्याने निश्चितता विकत घेतलेली असते. हवी ती तारीख, हवी ती केबिन, कुटुंबातील वृद्धांसाठी उद्वाहनाजवळची जागा, मुलांच्या सुट्टीशी जुळणारी सफर हे सर्व त्याला मिळते. शेवटी येणाऱ्याला उरलेसुरले घ्यावे लागते, आणि काही वेळा उरलेले काहीच नसते. करोनाची साथ ओसरल्यानंतरच्या वर्षांत मागणी वाढल्यामुळे अनेक सफरींची भाडी अखेरपर्यंत चढतच गेली. तेव्हा आधी जागा राखणारेच फायद्यात राहिले. त्यांच्यापैकी कुणी वाढीचा फरक कंपनीला नेऊन दिल्याचे ऐकिवात नाही.

परताव्यामागील स्वार्थ

मग भाडे उतरल्यास फरक देऊ, असे आश्वासन कंपन्या स्वतःहून का देतात? याचे उत्तर औदार्यात शोधण्याचे कारण नाही. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एका छोट्या निबंधात असा मुद्दा मांडला, की टिकाऊ वस्तू विकणारा मक्तेदारसुद्धा एका विचित्र स्पर्धेत सापडतो, आणि तो प्रतिस्पर्धी म्हणजे उद्याचा तो स्वतःच. उद्या भाव उतरणार, हे गिऱ्हाइकाला कळले, की तो आज घेत नाही, थांबतो. केबिन ही टिकाऊ वस्तू नव्हे, परंतु तिची विक्री वर्ष-दीड वर्ष चालते, त्यामुळे थांबून पाहण्याचा मोह येथेही तोच. सगळेच थांबले, तर जहाज बांधणीसाठी घेतलेल्या अवाढव्य कर्जाचे हप्ते भागवायचे कसे? आगाऊ भरलेले पैसे हे या धंद्याचे बिनव्याजी खेळते भांडवल असते. जानेवारी ते मार्च या विक्रीच्या हंगामात, ज्याला अमेरिकेत ‘वेव्ह सीझन’ म्हणतात, जाहिरातींचा जो भडिमार होतो, तो या भांडवलासाठीच. ‘आजच जागा राखा, उद्या स्वस्त झाल्यास फरक आमच्याकडून’ हे वाक्य त्या थांबणाऱ्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेले असते.

या आश्वासनाचा व्यवहारातील अर्थ मात्र तारखेनुसार बदलतो. इसार भरल्यापासून संपूर्ण रक्कम भरण्याच्या अखेरच्या मुदतीपर्यंत, म्हणजे जहाज सुटण्यापूर्वी सामान्यतः अडीच ते चार महिने, प्रवाशाची बाजू बळकट असते. इसार परत मिळणारा असेल, तर तो जुने आरक्षण मोडून नव्या भाड्याने करू शकतो; म्हणून कंपनी बहुधा तशी वेळ न आणता भाडेच खाली आणून देते. हा वस्तुतः परतावा नव्हे; मोकळ्या पायाने निघून जाण्याच्या हक्काची ती किंमत आहे. गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी किंचित कमी भाड्याचे आमिष दाखवून परत न मिळणाऱ्या इसाराची पद्धत वाढविली, ती नेमका हा हक्क विकत घेण्यासाठी. प्रवाशाला भाड्यातील सूट दिसते. आपण त्या बदल्यात काय विकले, ते दिसत नाही.

मुदत उलटली, की पारडे फिरते. आता आरक्षण रद्द केले तर भाड्याच्या निम्म्यापासून सबंध रकमेपर्यंत चढत जाणारा दंड लागतो. कंपन्यांची स्वस्ताई बहुधा याच सुमारास सुरू होते, कारण किती जणांनी पाय मागे घेतला आणि किती केबिनी रिकाम्या राहिल्या, हे मुदत संपल्यावरच कळते. या टप्प्यावर फरकाची मागणी केली, तर रोख रक्कम क्वचितच हाती पडते. वरच्या दर्जाची केबिन किंवा जहाजावरच खर्च करता येईल अशी जमा रक्कम, असा तोडगा काढला जातो. ही जमा रक्कम जहाजाच्या मद्यालयात आणि दुकानांत, जहाजाच्याच भावाने संपवायची असते. म्हणजे कंपनीने एका हाताने दिलेला डॉलर नफ्यासह तिच्याच दुसऱ्या हातात परत येतो.

अशा जमेची खरी किंमत किती, याचा अंदाज कंपन्यांनीच एकदा नकळत देऊन ठेवला आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकी आरोग्य यंत्रणेने प्रवासी जहाजांवर बंदी घातली, तेव्हा रद्द झालेल्या सफरींच्या प्रवाशांपुढे अनेक कंपन्यांनी दोन पर्याय ठेवले : शंभर डॉलर रोख परत घ्या, किंवा पुढील सफरीसाठी सव्वाशे डॉलरचे जमापत्र घ्या. त्या वेळच्या रोकडटंचाईचा भाग यात होताच. तरीही ज्या व्यापाऱ्याला शंभर रोख देण्यापेक्षा सव्वाशेचा कागद देणे परवडते, त्याच्या दृष्टीने त्या कागदावरील रुपया सोळा आण्यांचा नसतो, एवढे उघड आहे.

भाडे चढले तर?

करार म्हणजे करार, हा कंपन्यांचा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी पाळला जात असता, तर वादाला फारशी जागा उरली नसती. पण इतिहास तसा नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये तेलाचे भाव कडाडले असता अमेरिकेतील बड्या कंपन्यांनी इंधन अधिभार जाहीर केला. दर माणशी दररोज पाच डॉलर अशी त्याची सर्वसाधारण पातळी होती. यात अपूर्व काही नव्हते. अपूर्व होते ते असे, की ज्यांनी या घोषणेपूर्वीच जागा राखल्या होत्या, त्यांच्याकडूनही तो वसूल करण्याचे ठरले. भाडे उतरल्यावर ज्या कराराकडे बोट दाखविले जात असे, तोच करार भाडे चढवताना एकाएकी लवचीक झाला. फ्लोरिडाच्या महाधिवक्त्यांनी त्यात लक्ष घातले, आणि २००८ मध्ये कंपन्यांना आधीच्या आरक्षणांवरील अधिभाराचे कोट्यवधी डॉलर परत करावे लागले.

हा विजय प्रवाशांना न्यायालयाची पायरी न चढता मिळाला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. कारण ती पायरी गाठणे सोपे नाही. ‘कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट’ या १९९१ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न असा होता, की वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या आणि लॉस एंजेलिसहून जहाजावर चढलेल्या प्रवाशांनी दाद मागण्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडातच गेले पाहिजे काय? तिकिटावर बारीक टायपात तशी अट छापलेली होती. दोन न्यायमूर्तींच्या मतभेदासह सात जणांच्या बहुमताने न्यायालयाने ती अट उचलून धरली. अशा अटींमुळे कंपनीचा वाचणारा खर्च स्वस्त भाड्याच्या रूपाने प्रवाशांना मिळतो, हे बहुमताच्या निकालातील एक कारण होते. आर्थिक तर्क म्हणून ते अगदीच टाकाऊ नाही. परंतु जी अट प्रवाशाने वाचलेली नाही, वाचली तरी बदलू शकत नाही आणि जिचे मोल भाड्यात किती, हे त्याला कधीच कळणार नाही, तिला उभयपक्षी झालेला सौदा म्हणणे हा शब्दांचा खेळ ठरतो.

सक्तीचे दुखणे

मग कायद्यानेच सांगावे काय, की भाडे उतरल्यास सर्व जुन्या प्रवाशांना फरक रोख द्या? न्यायबुद्धीला हा उपाय चटकन पटतो. अर्थशास्त्राचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. अमेरिकेत विजेची अवजड जनित्रे बनविणाऱ्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ मध्ये अशीच हमी दिली होती : एका गिऱ्हाइकाला भाव कमी केला, तर मागील सहा महिन्यांत माल घेतलेल्या सर्वांना तीच सूट पूर्वलक्षी पद्धतीने मिळेल. वेस्टिंगहाउस या तिच्या प्रतिस्पर्ध्यानेही लवकरच तोच मार्ग धरला. गिऱ्हाइकांनी आनंदावे अशीच ही गोष्ट होती. प्रत्यक्षात काय झाले? एकाला सूट दिली, की सर्वांना द्यावी लागणार. म्हणून कुणालाच सूट द्यायची नाही, असा मोह दोन्ही कंपन्यांना झाला आणि भावातील चढाओढच थंडावली. अखेर १९७० च्या दशकात अमेरिकी न्याय खात्याने हरकत घेतली आणि ती पद्धत मोडावी लागली. ग्राहकाच्या हिताची म्हणून मिरविणारी हमी ही भाव चढे ठेवण्याची बिनबोभाट यंत्रणा होऊ शकते, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

जहाजांच्या धंद्याला तो जसाच्या तसा लागू पडतो, कारण येथेही बाजार तीन-चार मोठ्या समूहांच्या हाती आहे. दोन हजार केबिनी आधी विकल्या गेलेल्या आहेत आणि शंभर रिकाम्या आहेत, अशा वेळी त्या शंभरांचे भाडे उतरविण्यासाठी दोन हजार प्रवाशांना फरक द्यावा लागणार असेल, तर कंपनी त्या रिकाम्याच नेईल. जुन्या प्रवाशाला काही मिळणार नाही आणि नवा प्रवासी किनाऱ्यावर राहील. बंदराजवळ राहणारे निवृत्त लोक, अल्प मिळकतीचे परंतु वेळेची मोकळीक असणारे लोक आज जी स्वस्त सफर करतात, ती बंद होईल. न्यायाच्या नावाने सर्वांना सारखेच महाग करण्याचा हा प्रकार ठरेल.

म्हणजे आहे तेच ठीक आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आजच्या पद्धतीत फरक मिळतो तो मागणाऱ्याला. आणि मागतो तो, ज्याला रोज भाव पाहत बसण्याइतका वेळ असतो आणि नियमांच्या खाचाखोचा ठाऊक असतात. एजंटाने हे काम करावे, ही अपेक्षा. पण भाडे खाली आले, की त्याचे कमिशनही खाली येते, आणि वाढलेल्या कामाचा मोबदला कुणी देत नाही. तरीही अनेक एजंट ते मनापासून करतात, हा त्यांचा प्रामाणिकपणा. व्यवस्थेची रचना त्यांच्या बाजूची नाही. कंपनीच्या संगणकाला प्रत्येक केबिनीचे भाडे क्षणाक्षणाला ठाऊक असते. प्रवाशाला ते शोधावे लागते. ज्याला शोध सर्वांत महाग पडतो, त्याच्यावरच शोधाचा भार टाकायचा, ही योजना निव्वळ निष्काळजीपणातून आलेली नाही. द्युपुईच्या काळी छप्पर काढून गिऱ्हाइकांची वर्गवारी केली जात होती. आज अर्ज, मुदती आणि फोनवरील ताटकळणे यांनी ती केली जाते.

समतोलाचे तत्त्व

या पेचातून निघण्याचा मार्ग युरोपने थोडाफार शोधलेला आहे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या सहल-निर्देशानुसार, आणि क्रूझ सफरी त्याच्या कक्षेत येतात, विकलेल्या सहलीची किंमत नंतर वाढविण्यास इंधन, कर व बंदरशुल्कासारखी देणी आणि चलनाचा विनिमय दर एवढीच कारणे चालतात. करारात तशी तरतूद आधी असली पाहिजे. प्रस्थानाला वीस दिवसांहून कमी काळ उरला असता वाढ करता येत नाही. आणि ती आठ टक्क्यांहून अधिक असेल, तर प्रवाशाला दंड न भरता करार मोडता येतो. यातील सर्वांत महत्त्वाची अट पुढची आहे : ज्या कंपनीने वाढीचा हक्क राखून ठेवला, तिने हेच खर्च उतरल्यास तितकी घट प्रवाशाला दिलीच पाहिजे.

या योजनेने मागणीमुळे उतरलेले भाडे आणि खर्चामुळे उतरलेले भाडे यांत विवेक केला आहे. पहिल्याचा धोका विकत घेणाऱ्याने पत्करावा, कारण मागणी वाढली असती तर लाभही त्याचाच होता. दुसऱ्याचा धोका मात्र एकतर्फी असता कामा नये. तेल महागले की प्रवाशाने भरायचे आणि स्वस्त झाले की कंपनीने ठेवायचे, याला व्यापार म्हणता येणार नाही. ‘पक्की किंमत’ असेल, तर ती दोन्ही बाजूंना पक्की हवी. ‘हलती किंमत’ असेल, तर ती दोन्ही दिशांना हलली पाहिजे. प्रश्नाचे सार एवढेच आहे.

मुंबईच्या धक्क्यावर

भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बंदरांना शिवत गोव्याला जाणारी बोट ज्या पिढीने पाहिली, तिला भाड्याचा असला खेळ ठाऊक नव्हता. डेकचे भाडे ठरलेले असे. गर्दी वाढली, तर पथारीची जागा कमी होई, भाडे वाढत नसे. तो काळ गेला. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून क्रूझ सफरी नियमाने सुरू झाल्या, त्या ‘एम्प्रेस’ या जहाजाने. ते १९९० मध्ये बांधले गेले आणि पूर्वी अमेरिकी कंपनीच्या ताफ्यात होते. जहाजाबरोबर त्या धंद्याच्या रीतीही आल्या. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतच ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा केली आणि पाच वर्षांत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे लक्ष्य ठेवले. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्या सिंगापूरपासून अलास्कापर्यंतच्या सफरी विकतात आणि निवृत्तीच्या पैशातून त्या घेणारी मराठी कुटुंबे आता थोडी नाहीत. धक्के बांधले जात आहेत. अटींकडे कुणाचे लक्ष आहे?

याबाबत आपल्याकडे पूर्वदाखले नाहीत असे नाही, आणि तेही ज्या रेल्वेवर उठल्यासुटल्या टीका होते, तिचे आहेत. जून २०१४ मध्ये प्रवासी भाडे १४.२ टक्क्यांनी वाढले, तेव्हा आधीच तिकिटे काढलेल्यांकडूनही फरक वसूल करण्यात आला. फ्लोरिडात जे खपले नाही, ते येथे खपून गेले. परंतु पुढे रेल्वेने पवित्रा बदलला. वातानुकूलित तृतीय श्रेणीच्या ‘इकॉनॉमी’ डब्यांचे आधी वाढविलेले भाडे २२ मार्च २०२३ पासून पुन्हा खाली आणले गेले, तेव्हा पूर्वीच आरक्षण केलेल्यांना फरक परत देण्याचे तिने जाहीर केले. आणि १ जुलै २०२५ च्या भाडेवाढीत जुन्या तिकिटांना हात लावला नाही. चढलेले भाडे मागे जाऊन मागायचे नाही, जाहीर दर उतरला तर फरक द्यायचा, हा दंडक सरकारी रेल्वे पाळू शकते, तर खाजगी जहाज कंपन्यांना तो जड का जावा? रेल्वेचा तो दर सरकारने ठरविलेला होता आणि जहाजाचा बाजार ठरवितो, हा भेद खरा आहे. पण तो दंडकाच्या उत्तरार्धाला लागू पडतो, पूर्वार्धाला नाही.

कायद्याची हत्यारेही हाताशी आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करारा’ची व्याख्या केली असून, नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणाऱ्या अटी तिच्यात बसतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतील तेरा फसव्या क्लृप्त्या निषिद्ध ठरविल्या. खोटी घाई निर्माण करणे आणि किंमत तुकड्यातुकड्यांनी उघड करणे या दोन्ही त्यांत आहेत. ‘शेवटच्या दोनच केबिनी उरल्या’ असे सांगून इसार घ्यायचा आणि महिन्याभराने त्याच वर्गाच्या केबिनी सवलतीत काढायच्या, हा प्रकार या नियमांच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

फार मोठ्या नव्या कायद्याची गरज नाही. चार गोष्टी पुरेत. विक्रीनंतर भाडे वाढविण्याचा हक्क ज्या कंपनीने राखला, तिने त्याच कारणाने होणारी घट द्यावी. द्यायची नसेल, तर तो हक्क सोडावा. इसार परत मिळेल की नाही आणि भाडे खाली आणून घेण्याची अखेरची तारीख कोणती, हे पावतीवर भाड्याच्या आकड्याइतक्याच मोठ्या टायपात, ग्राहकाच्या भाषेत छापावे. फरक देण्याची जाहिरात केली असेल, तर तो ठरलेल्या मुदतीत, न मागता द्यावा; जाहिरातीचा लाभ सर्वांकडून घ्यायचा आणि हमी फक्त हट्टी गिऱ्हाइकापुरती पाळायची, हे चालू देऊ नये. आणि पैसा रोख घेतला असेल, तर परतही रोखच करावा. जमापत्र घ्यायचे की नाही, ही प्रवाशाची मर्जी असावी.

यांतील एकाही अटीने कंपनीला आयत्या वेळी स्वस्त केबिन विकण्यास मज्जाव होत नाही; आणि आधी जागा राखणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या भाग्यात कायद्याने वाटा मिळत नाही. तो मिळू नये, हेच श्रेयस्कर. शेजारच्या टेबलावरील माणसाने कमी पैसे दिले, हे दुःख बाजाराच्या अंगभूत स्वभावातून येते आणि ते सोसण्याजोगे आहे. आपल्या हातातील कागद समोरच्याला वाटेल तेव्हा वाकवता येतो आणि आपल्याला कधीच नाही, हे दुःख निराळे. ते बाजारातून येत नाही. कागद एकट्याने लिहिणाऱ्याच्या सामर्थ्यातून येते. मुंबईच्या नव्या धक्क्यावरून जहाजे वाढण्यापूर्वीच त्या कागदाची दुसरी बाजू लिहून घेतलेली बरी. एकदा जहाज सुटल्यावर किनाऱ्यावरून हाका मारण्यात अर्थ नसतो.